एका राउटरमागचे आठ जण

(म्हैसूरमध्ये शिकायला आणि नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.)



आजचा विषय तुमच्यातल्याच काहींनी सुचवला. इथं कोणी इन्फोसिसच्या ट्रेनिंगला आलंय, कोणी सीएफटीआरआयमध्ये आहे, कोणी भारतीय भाषा संस्थानात. बहुतेकजण तीन-चार खोल्यांचं घर भाड्यानं घेऊन सहा-आठ जण मिळून राहता. वाय-फाय एकच, बिल वाटून. प्रश्न असा आला होता: आमच्यातल्या एकानं नाव न लावता इंटरनेटवर काही लिहिलं आणि उद्या पोलीस शोधत आले, तर आठांतला नेमका कोण हे त्यांना कसं कळणार? सगळ्यांचं जाळं एक असलं की आपण त्याच्या आड सुरक्षित, असं समजायचं का?

थोडं समजायचं, पण तुम्हाला वाटतं तेवढं नाही. आणि ज्याच्या आधार कार्डावर ते कनेक्शन घेतलंय, त्यानं तर मुळीच समजायचं नाही.

आधी हे बोलू, की नाव न लावता लिहायची गरज कुणाला पडते. ज्याच्या घरात तीन पिढ्या वकील आहेत, त्याला एखादा एफआयआर म्हणजे कटकट असते. दोन-चार तारखा, एखादा फोन, झालं. तुम्ही घरातले पहिले पदवीधर. पुढे सरकारी नोकरीचा अर्ज असतो, चारित्र्य पडताळणी असते, पासपोर्टला पोलीस व्हेरिफिकेशन असतं. गुन्हा शाबित व्हायची गरज नसते, नुसता नोंदला तरी निवड यादीतलं नाव लटकतं. हॉस्टेलच्या मेसमध्ये कोण कुणाच्या ताटाला शिवत नाही, गाइड कुणाची सही सहा महिने अडवून ठेवतो, हे लिहायचं असतं ते नेमकं अशाच मुलांना. आपल्याकडे नाव सांगितलं की समोरचा आडनाव विचारतो आणि आडनाव कळलं की मजकूर वाचायचं थांबतो. तेव्हा नाव झाकून लिहिणं म्हणजे भित्रेपणा असं मला वाटत नाही. कधीकधी तेवढ्यामुळेच मजकूर वाचला जातो.

आता त्या जाळ्याची गोष्ट.

आपल्या देशात वाय-फायवर पोलिसांची नजर बसली ती मुंबईतून. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोहोचला. तिथं एक अमेरिकन भाडेकरू राहत होता आणि त्याच्या वाय-फायला पासवर्ड नव्हता. बाहेरून कुणीतरी ते वापरलं होतं. ऑगस्टमधला पुढचा मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वाय-फायवरून गेला, सप्टेंबरमधला चेंबूरच्या एका कंपनीच्या. फ्लॅटवाला, कॉलेज आणि कंपनी, तिघांचाही त्या मेलशी संबंध नव्हता. पण पोलीस आधी त्यांच्याच दारात उभे राहिले, कारण पत्ता त्यांचा होता.

त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागानं सूचना काढल्या. सार्वजनिक वाय-फाय द्यायचं तर वापरणाऱ्याची ओळख घ्या, ओळखपत्राची प्रत किंवा मोबाइलवर पासवर्ड, आणि नोंद ठेवा. विमानतळावर, कॅफेत तुम्हाला ओटीपी मागतात तो तिथून आलाय. २०११ मध्ये सायबर कॅफेसाठी वेगळे नियम आले, वही ठेवा, ओळखपत्र बघा. पुढे इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यातच नोंदी किमान दोन वर्षं जपायची अट आली. २०२२ मध्ये सर्ट-इननं व्हीपीएन कंपन्यांनाही ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले.

म्हणजे बिननावाचं सार्वजनिक जाळं कायद्यानं जवळपास संपवलेलं आहे. राहिलं ते घरातलं, खोलीतलं, अभ्यासिकेतलं जाळं. पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससीची मुलं बसतात त्या अभ्यासिकांत एका राउटरवर किती जण असतात, ते तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल.

हे जाळं चालतं कसं ते चाळीवरून समजून घ्या. चाळीचा पत्ता एक, खोल्या अनेक. पोस्टमन चाळीपर्यंत येतो, आत कुणाचं पत्र कुणाला द्यायचं ते चाळीतलाच कुणीतरी बघतो. तुमचा राउटर हा तो आतला माणूस. बाहेरच्या जगाला तुमच्या आठही फोनांचा एकच आयपी अ‍ॅड्रेस दिसतो. इतकंच कशाला, मोबाइल कंपन्या तर एका आयपी अ‍ॅड्रेसमागे कितीतरी ग्राहक बसवतात, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते जगात पुरेनासे झालेत. तिथं नुसता पत्ता पुरत नाही, नेमकी वेळ आणि पोर्ट नंबर लागतो. पोर्ट नंबर म्हणजे चाळीतला खोली नंबर समजा. नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता मिळतो. तिथं चाळच उरत नाही.

मग या नोंदी इतक्या नेमक्या असतील तर चूक कशी होते? होते. आणि ती फार जवळ झालेली आहे.

ऑगस्ट २००७ मध्ये बेंगळुरूतल्या एका तरुण कॉम्प्युटर इंजिनिअरला पुणे पोलिसांनी घरून उचललं. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांचा अवमान करणारं चित्र टाकल्याचा आरोप. टेलिकॉम कंपनीनं त्या आयपी अ‍ॅड्रेसचा ग्राहक म्हणून त्याचं नाव दिलं होतं. ते नाव चुकीचं निघालं. तोवर त्यानं येरवड्यात पन्नास दिवस काढले होते. त्यानं काहीही टाकलेलं नव्हतं. ज्या महापुरुषावर महाराष्ट्रात कुणीही सहज भडकतं, त्यांच्या नावाचा गुन्हा आणि हातात एक आकडा. आकड्यावर प्रश्न विचारायला कुणी थांबलं नाही.

आकडा कसा फसवतो ते बघा. परदेशी कंपन्यांच्या सर्व्हरची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते. आपण साडेपाच तास पुढे. ही वेळ बदलून घ्यायला कुणी विसरलं, तर मधल्या वेळात तोच आयपी अ‍ॅड्रेस दुसऱ्या ग्राहकाला गेलेला असू शकतो, आणि नाव निघतं भलत्याचंच. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला हे दोन मिनिटांत कळलं. ठाण्यातल्या अंमलदाराला आणि खालच्या कोर्टातल्या वकिलाला ते समजावून सांगायला तुमच्यासारखाच कुणीतरी लागतो. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे माणूस नव्हे, एवढं एक वाक्य मुद्देसूद लिहून देता येणं ही आपल्या चळवळीला उपयोगी विद्या आहे.

पण आठ जणांच्या घरात पोलीस आले, आणि राउटरच्या पलीकडे त्यांना काही दिसत नसेल, तर ते काय करतील? परत जातील? ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याला आधी बोलावतील. मग आठांचे फोन मागतील. आणि आठांपैकी 'असा' कोण दिसतो ते बघतील. कुणाच्या डीपीवर बाबासाहेब आहेत, कुणाचं गाव कुठलं, कुणाची वस्ती कुठली. तंत्रज्ञानानं आठ जणांना सारखं केलं तरी जात त्यांना पुन्हा वेगळं करते.

हे मी उगाच म्हणत नाही. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी आणि किती. सोलापूरच्या सेटलमेंटला काटेरी तारांचं कुंपण होतं, आतल्या माणसांना हजेरी द्यावी लागायची. तो कायदा १९५२ साली गेला. पण गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या पालावर जाते, हे मराठवाड्यातून आलेल्यांना सांगायला नको. मे २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांच्या हिस्ट्री शीटबद्दल बोलावं लागलं, की मागास समाजातली निष्पाप माणसं केवळ समाजामुळे त्यात टाकू नका. ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतर महाराष्ट्रातल्या वस्त्यांत कोंबिंग झालं, त्यात उचललेली पोरं कुठल्या आयपी अ‍ॅड्रेसवरून सापडली नव्हती. ती वस्तीत राहत होती, तेवढं पुरलं.

आता म्हैसूरचंच घ्या. ८ जानेवारी २०२० ला मानसगंगोत्रीच्या आवारात जेएनयूमधल्या हल्ल्याचा निषेध झाला. तिथं एका तरुणीच्या हातात 'फ्री काश्मीर' असा फलक होता. दोनच दिवस आधी मुंबईत गेटवेला असाच फलक एकीनं धरला होता आणि तिच्यावर गुन्हा नोंदला गेला होता. काश्मीरमध्ये इंटरनेट बंद आहे ते खुलं करा, एवढंच म्हणायचं होतं, असं दोघींनीही सांगितलं. इथल्या मुलीवर राजद्रोहाचं कलम लागलं. इथल्या वकील संघटनेनं ठरावच केला की तिचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. शेवटी राज्याच्या इतर भागांतले वकील तिच्यासाठी पुढे आले आणि अटकपूर्व जामीन मिळाला. यात कुठे राउटर होता? एक फोटो फिरला, चेहरा ओळखला गेला, संपलं. पोलिसांचा सोपा रस्ता हाच असतो. आणि त्या मुलीला वाचवलं ते ठरावाला न जुमानता उभ्या राहिलेल्या वकिलांनी.

तेव्हा तुमची ओळख खरोखर कुठून बाहेर पडते ते सांगतो. खातं उघडताना दिलेला मोबाइल नंबर, ही पहिली जागा. पोलीस वाय-फायपर्यंत येण्याआधी कंपनीला विचारतात की या खात्याचा नंबर कोणता. नंबरावरून केवायसी, केवायसीवरून घर. तुम्ही कुणाचंही वाय-फाय वापरा, काही फरक पडत नाही. यावर कुणी म्हणेल, दुसऱ्याच्या नावाचं सिम घेऊ. तसं करू नका. खोटी ओळख देऊन सिम घेणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं गंभीर गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साध्या लिखाणासाठी स्वतःहून खरा गुन्हा ओढवून घ्यायचा नाही.

दुसरी जागा म्हणजे मजकूर. वर्गात चाळीस जण आणि त्या दिवशी गाइडच्या केबिनमध्ये दोघंच होते. तुम्ही केबिनमधलं संभाषण लिहिलं तर कुठलं तंत्रज्ञान तुम्हाला झाकणार? तारीख, खोली, एखादा खास शब्द, ही सगळी सहीच असते. तिसरी जागा, आपली माणसं. माझ्या पाहण्यातली प्रकरणं बहुतेक स्क्रीनशॉटवरून उभी राहिली, ग्रुपमधल्याच कुणीतरी बाहेर पाठवलेल्या. आणि राउटरच्या यादीत तुमच्या फोनचं नाव दिसतं ते वेगळंच. कित्येकांच्या फोनचं नाव त्यांच्या स्वतःच्या नावावर असतं. आज घरी गेल्यावर बघा आणि बदला.

जाळं सामायिक असलं की आतलं कुणीही बघू शकतं का, असाही प्रश्न होता. आजकाल बहुतेक साइट कूटबद्ध असतात, म्हणजे तुम्ही काय लिहिलं ते राउटर चालवणाऱ्याला दिसत नाही, पण कुठल्या साइटवर गेलात ते बहुधा दिसतं. हॉस्टेलच्या किंवा कंपनीच्या वाय-फायवर लॉगिन करून जाता तेव्हा तर तुमच्या नावापुढे वेळ लिहिली जाते. ऑफिसच्या जाळ्यावर आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर अशा गोष्टी मुळीच नकोत.

टॉरबद्दल तुम्ही वाचलं असेल. त्यात तुमचा मजकूर तीन ठिकाणांहून फिरून जातो, कुठल्याच एका ठिकाणाला दोन्ही टोकं कळत नाहीत. आपल्याकडे ते वापरायला बंदी नाही. पण त्याचीही एक गंमत आहे. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं परीक्षा टळावी म्हणून बॉम्बची खोटी धमकी पाठवली, टॉरमधून. काम वाईटच होतं. पण तो सापडला कसा, ते आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. धमकी त्यानं विद्यापीठाच्या वाय-फायवरून पाठवली होती आणि त्या वेळी त्या जाळ्यावर टॉर वापरणारे मोजकेच होते. टॉर फुटला नाही. गर्दी नव्हती म्हणून तो उघडा पडला.

गर्दी असेल तरच निनावी राहता येतं. एकट्याला निनावी होता येत नाही. घरातल्या आठांपैकी एकच जण कूटबद्ध मेसेंजर वापरत असेल, तर तेच त्याचं चिन्ह. आठही जण रोजच्या भाजीच्या यादीसाठीसुद्धा तेच वापरत असतील, तर ज्या एकाला कधीतरी खरंच गरज लागेल त्याला आडोसा मिळतो.

असा आडोसा लोकांनी उघडपणे उभा केल्याचं एक उदाहरण आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनॉन नावाच्या छोट्या गावात किल्टन लायब्ररी आहे. २०१५ मध्ये तिनं आपल्या इंटरनेटवरून टॉरचा एक दुवा चालवायला सुरुवात केली. केंद्रीय सुरक्षा यंत्रणेनं स्थानिक पोलिसांना कळवलं, पोलीस लायब्ररीशी बोलले, लायब्ररीनं काम थांबवलं. मग विश्वस्तांची सभा झाली, गावकरी आले, बोलले, आणि त्याच सप्टेंबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं. लपून काही नाही, वाचनालयाच्या नावानं, सगळ्यांसमोर. मला यातला टॉर तितका महत्त्वाचा वाटत नाही, ती सभा वाटते. आपल्याजवळ, बेंगळुरूच्या एका झोपडपट्टीत मुक्त सॉफ्टवेअरवाल्या तरुणांनी 'आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर' चालवलं, वस्तीतली मुलं तिथं लिनक्सवर शिकली. आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारात, अभ्यासिकेत वाय-फाय असेल तर ते कोण चालवतं, पासवर्ड कुणाकडे, पोलिसांचं पत्र आलं तर उत्तर कोण देणार, हे आधी बसून ठरवलेलं असावं. २०२० पासून पीएम-वाणी योजनेत वेगळा परवाना न काढता सार्वजनिक वाय-फाय देता येतं, वापरणाऱ्याची ओळख तपासायची व्यवस्था त्यातच असते. विहारासाठी तो रस्ता बरा. पासवर्ड न लावता सगळ्यांना खुलं ठेवणं नको. सानपाड्यात काय झालं ते सांगितलंच.

इथं एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. आपल्या बायकांना, आपल्या लेखकांना निनावी खात्यांवरून ज्या घाण शिव्या येतात, त्यात आपल्यालाच वाटतं की पोलिसांनी आयपी अ‍ॅड्रेस काढावा आणि अ‍ॅट्रॉसिटी लावावी. बरोबरच आहे. मग आपण निनावीपणाच्या बाजूचे की विरोधातले? मी असं धरतो: तक्रार आहे, गुन्हा ठरलेला आहे, कायद्यानं लेखी मागणी केली आहे आणि एका खात्याची माहिती मागितली आहे, तर ती दिली जावी. तक्रार नसताना सगळ्या वस्तीचे, सगळ्या ग्रुपचे नंबर गोळा करणं ही जुनीच हजेरी आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो हाच फरक करतो: कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि हेतूच्या मानानं कारवाई जास्त नको. ज्यांच्या नावानं तो निकाल ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, आणि त्यांचं शिक्षण इथल्याच महाराजा कॉलेजातलं.

आता पोलीस आलेच तर. तोंडी बोलावणं आलं तर लेखी नोटीस मागा, नम्रपणे. नोटिशीत कलम काय, गुन्हा क्रमांक काय, ते बघा. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरीच यावं लागतं. फोन घेतला तर पंचनामा आणि त्याची प्रत मागा. फोन उघडून द्या असं म्हटलं आणि तुम्ही नकार दिला, तर पोलिसांनी त्यासाठी कोर्टात जावं, असं कर्नाटक उच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये सांगितलेलं आहे. नोटीस आल्यावर घाबरून काहीही पुसू नका. न लिहिलेल्या गुन्ह्यात सुटाल, पण पुरावा नष्ट केल्याच्या गुन्ह्यात अडकाल. आणि कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याला एकट्याला ठाण्यात पाठवू नका. आठही जण जा, आणि आठही जणांनी एकच गोष्ट सांगा: वकील आल्यावर बोलू.

वकील कुठून आणायचा? अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो, बायकांनाही मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. हा नंबर आत्ता फोनमध्ये टाकून घ्या. मी दोन मिनिटं थांबतो, मग प्रश्न घेऊ.